ट्रॅक्टरच्या इंजिनाला हवा किती लागते? टर्बोचार्जर बसविण्यापूर्वी करावयाचा हिशेब

खताची मात्रा ठरविताना आपण क्षेत्र मोजतो. विहिरीवर पंप घेताना पाण्याची खोली, पाईपची लांबी आणि पिकाची गरज पाहतो. परंतु ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद वाढविण्याचा विषय निघाला की हिशेब बाजूला राहतो आणि ऐकीव माहितीवर निर्णय होतो. "जीपचा जुना टर्बो आला आहे. तिचे इंजिन अडीच लिटरचे, तुमच्या ट्रॅक्टरचेही अडीच लिटरचे. सहज बसेल, दहा एच.पी. वाढतील," असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या सल्ल्यात एक मोठी चूक आहे. तिची किंमत पिस्टन, लायनर आणि हेड गॅस्केटच्या रूपाने ट्रॅक्टरमालकाला मोजावी लागते, आणि तीही ऐन हंगामात.

ही चूक कोणती, हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही तपासता येते. त्यासाठी गुणाकार-भागाकार आणि ट्रॅक्टरसोबत मिळालेले माहितीपुस्तक एवढे पुरेसे आहे. इंजिनाला दर मिनिटाला किती हवा लागते, ती कशी काढावी, त्यावरून टर्बोचार्जरचा योग्य आकार कसा ठरतो आणि टर्बोचा विचार करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे.

ताकद डिझेलची, पण जळण्यासाठी हवा हवीच

इंजिनाची ताकद डिझेल जळण्यातून मिळते. डिझेल जळण्यासाठी हवेतील प्राणवायू लागतो. १ किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. हा झाला पुस्तकी हिशेब. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा आणि हवा यांची पूर्ण मिसळण होण्यास फारच थोडा वेळ मिळतो. म्हणून धूर न करता काम करण्यासाठी टर्बो नसलेल्या इंजिनाला १ किलो डिझेलमागे सुमारे २० किलो हवा द्यावी लागते. टर्बो असलेल्या इंजिनासाठी हे प्रमाण २२ किंवा त्याहून अधिक धरावे, म्हणजे जळणाची उष्णता आटोक्यात राहते.

हवा हलकी असते, त्यामुळे वजनाचा आकडा लहान वाटला तरी आकारमान मोठे असते. १ लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८३ किलो. त्यासाठी लागणारी हवा साडेसोळा किलोच्या आसपास, म्हणजे पुण्यासारख्या उंचीवर सुमारे १५ हजार लिटर. दोनशे लिटरची ७५ पिंपे भरतील एवढी हवा एक लिटर डिझेलमागे एअर क्लिनरमधून आत जाते.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कितीही वाढविता येते, परंतु तेवढी हवा नसेल तर जादा डिझेलचा काळा धूर होतो. धूर म्हणजे सायलेन्सरमधून बाहेर जाणारे आपले पैसे होत.

टर्बोचार्जर काय करतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूमध्ये बरीच ऊर्जा वाया जात असते. टर्बोचार्जरमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक पंखा, म्हणजे टर्बाईन, या गरम वायूने फिरतो. दुसरा पंखा, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा ओढून ती दाबून इंजिनात भरतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये मागितले. शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये कारखान्यातूनच टर्बो बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीच्या डी-१९ या ट्रॅक्टरने १९६१ मध्ये झाली. आज आपल्याकडेही, विशेषतः मोठ्या अश्वशक्तीचे अनेक ट्रॅक्टर टर्बोसह मिळतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टर्बो स्वतः ताकद देत नाही. तो फक्त हवा देतो. ताकद वाढण्यासाठी त्या हवेच्या प्रमाणात डिझेल वाढवावे लागते, आणि वाढलेली उष्णता व दाब सोसण्याची क्षमता इंजिनात असावी लागते.

हवेचा हिशेब: पायरीपायरीने

उदाहरणासाठी तीन सिलिंडरचे, ९१.४ मि.मी. बोअर आणि १२७ मि.मी. स्ट्रोक असलेले, मिनिटाला २००० फेऱ्यांचे, टर्बो नसलेले इंजिन घेऊ. आपल्याकडील ३५ अश्वशक्तीच्या आसपासच्या जुन्या ट्रॅक्टरांमध्ये या मापाची इंजिने आढळतात. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे माहितीपुस्तकातून घ्यावेत.

पायरी १: इंजिनाचे आकारमान. बोअरची त्रिज्या ४.५७ से.मी. आणि स्ट्रोक १२.७ से.मी.
३.१४ × ४.५७ × ४.५७ × १२.७ = ८३३ घन से.मी. (एक सिलिंडर)
८३३ × ३ = सुमारे २५०० घन से.मी., म्हणजे २.५ लिटर.
बहुतेक पुस्तकांत हा आकडा 'सी.सी.' म्हणून दिलेलाच असतो.

पायरी २: मिनिटाला ओढली जाणारी हवा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. म्हणून फेऱ्यांना दोनने भागावे.
२.५ × २००० ÷ २ = २५०० लिटर दर मिनिटाला.

पायरी ३: भरण क्षमता. एअर क्लिनर, पाईप आणि व्हॉल्व्ह यांतून येताना हवेला अडथळा होतो, त्यामुळे सिलिंडर शंभर टक्के भरत नाही. चांगल्या स्थितीतील इंजिनासाठी ८५ टक्के धरावे.
२५०० × ०.८५ = २१२५ लिटर, म्हणजे २.१२५ घनमीटर दर मिनिटाला.

पायरी ४: हवेचे वजन. डिझेल जळते ते हवेच्या वजनावर, आकारमानावर नाही. १ घनमीटर हवेचे वजन सर्वत्र सारखे नसते. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, तापमान वाढले की हवा पसरते. दोन्ही बाबतींत हवा हलकी होते. सूत्र सोपे आहे: हवेचा दाब (किलोपास्कलमध्ये) भागिले ०.२८७, आणि पुन्हा भागिले (तापमान + २७३). आपल्या राज्यातील चार ठिकाणांसाठी काढलेले अंदाजे वजन असे:

ठिकाण – समुद्रसपाटीपासून उंची – तापमान – १ घनमीटर हवेचे वजन
कोकण किनारा – ० मीटर – ३० अंश से. – १.१६ किलो
पुणे परिसर – ५६० मीटर – ३० अंश से. – १.०९ किलो
नागपूर, मे महिना – ३१० मीटर – ४२ अंश से. – १.०८ किलो
महाबळेश्वर – १३५० मीटर – २५ अंश से. – १.०१ किलो

एकच ट्रॅक्टर कोकणात जोरात चालतो आणि घाटमाथ्यावर किंवा मे महिन्याच्या दुपारी मंद वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. पुणे परिसराचा आकडा घेऊन पुढे जाऊ.
२.१२५ × १.०९ = २.३२ किलो हवा दर मिनिटाला, म्हणजे तासाला १३९ किलो.

पायरी ५: एवढ्या हवेत किती अश्वशक्ती? २० किलो हवेमागे १ किलो डिझेल धरल्यास,
१३९ ÷ २० = ६.९५ किलो डिझेल दर तासाला.
पूर्ण भारावर चांगले इंजिन एका अश्वशक्तीला तासाला सुमारे १९० ग्रॅम डिझेल घेते.
६.९५ ÷ ०.१९ = सुमारे साडेछत्तीस अश्वशक्ती.

म्हणजे या इंजिनाकडून टर्बोशिवाय, धूर न करता, साडेछत्तीस अश्वशक्तीच्या आसपास मिळू शकते. यावरून एक ढोबळ नियम मिळतो: लिटर × हजार फेरे × ७ = टर्बोशिवाय मिळणारी अश्वशक्ती. ३ लिटरचे, २००० फेऱ्यांचे इंजिन असेल तर ३ × २ × ७ = ४२. एखाद्याने अशा इंजिनाचा फक्त पंप वाढवून ५५ अश्वशक्ती काढून देण्याचे आश्वासन दिले, तर ते हवेच्या हिशेबात बसत नाही हे तेथेच ओळखावे.

टर्बोसह हिशेब

समजा, याच इंजिनातून ४५ अश्वशक्ती हवी आहे. आता उलट दिशेने हिशेब करावा.

डिझेल: ४५ × ०.१९ = ८.५५ किलो दर तासाला.
हवा: ८.५५ × २२ = १८८ किलो दर तासाला, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.१ किलो.

इंजिन तर मिनिटाला २.१२५ घनमीटरच हवा ओढणार. त्यात ३.१ किलो हवा बसवायची, तर प्रत्येक घनमीटरचे वजन ३.१ ÷ २.१२५ = १.४६ किलो झाले पाहिजे. बाहेरची हवा १.०९ किलोची आहे. म्हणजे हवा सुमारे १.३४ पट दाट करावी लागेल.

येथेच बरेच जण चुकतात. १.३४ पट दाट हवेसाठी दाबही १.३४ पटच पुरेल असे वाटते. परंतु सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप जसा तापतो, तशीच टर्बोमध्ये दाबलेली हवाही तापते. तापलेली हवा पसरते आणि दाबाचा काही फायदा वाया जातो. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली आणि दाब १.६५ पट केला, तर ३० अंशांची हवा सुमारे ९९ अंश से. पर्यंत तापते. पुण्याचा हवेचा दाब ९४.८ किलोपास्कल धरून,
९४.८ × १.६५ = १५६.४
१५६.४ ÷ ०.२८७ ÷ (९९ + २७३) = १.४६ किलो.

दाब ६५ टक्के वाढला तेव्हा हवा ३४ टक्के वाढली. बाहेरील दाब आणि आतील दाब यांच्या या पटीला दाब-गुणोत्तर म्हणतात. येथे ते १.६५ आहे. गेजवर हा जादा दाब सुमारे ०.६३ किलो दर चौ. से.मी., म्हणजे ९ पौंड दिसेल. हा दाब ट्रॅक्टरच्या मागील टायरमधील हवेपेक्षाही कमी आहे, परंतु त्याचा परिणाम मोठा असतो.

दाबलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरमधून नेऊन ६० अंशांपर्यंत थंड केली, तर १.५ च्या दाब-गुणोत्तरातही तेवढीच हवा मिळते. कमी दाब, कमी उष्णता आणि तेवढेच काम, हा इंटरकूलरचा फायदा आहे.

टर्बोचा आकार कसा निवडावा?

टर्बो बनविणारे कारखाने प्रत्येक मॉडेलसाठी एक आलेख तयार करतात. त्याला कॉम्प्रेसर मॅप म्हणतात. आडव्या रेषेवर दर मिनिटाला जाणारी हवा आणि उभ्या रेषेवर दाब-गुणोत्तर असते. मध्ये गावाच्या नकाशातील उंचीच्या रेषांसारखी वर्तुळे असतात. सर्वांत आतील वर्तुळात कार्यक्षमता सर्वाधिक असते. या आलेखावर आपले निदान दोन बिंदू मांडावेत.

बिंदू १: पूर्ण फेऱ्यांवर (२०००). हवा ३.१ किलो दर मिनिटाला, दाब-गुणोत्तर १.६५.

बिंदू २: जेथे इंजिन सर्वांत जोर लावते तेथे. नांगरटीत भार आला की फेरे उतरतात. १३०० फेऱ्यांवर हवा २.५ × १३०० ÷ २ × ०.८५ = १३८० लिटर. तेथे दाब-गुणोत्तर १.४ धरल्यास हवेचे वजन मिनिटाला सुमारे १.८ किलो येते.

काही आलेख पौंडात असतात. किलोला २.२ ने गुणावे, म्हणजे आपले बिंदू ६.९ आणि ४.० पौंड दर मिनिट असे होतील. आलेख कोणत्या तापमानाला व दाबाला काढला आहे हे त्यावर लिहिलेले असते. त्यानुसार दुरुस्ती विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

आता आलेख वाचावा. डावीकडे एक तिरकी सीमा असते, तिला सर्ज रेषा म्हणतात. आपला बिंदू या रेषेच्या डावीकडे गेला तर हवा कॉम्प्रेसरमधून उलटी मारते, फडफड असा आवाज येतो आणि बेअरिंग लवकर खराब होतात. टर्बो गरजेपेक्षा मोठा असल्याची ही खूण आहे. उजवीकडची सीमा ओलांडली तर टर्बोला तेवढी हवा देणे जमत नाही, पंखा मर्यादेबाहेर फिरतो आणि हवा फार तापते. टर्बो लहान पडल्याची ही खूण आहे. दोन्ही बिंदू मधल्या वर्तुळांत आणि सर्ज रेषेपासून सुरक्षित अंतरावर पडले तरच तो टर्बो आपल्या कामाचा. ट्रॅक्टरच्या बाबतीत दुसऱ्या बिंदूला अधिक महत्त्व द्यावे, कारण शेतातील कसोटी कमी फेऱ्यांवरच लागते.

लिटर सारखे, हवा दुप्पट

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे वळू. जीपचे इंजिन अडीच लिटरचे आणि ट्रॅक्टरचेही अडीच लिटरचे, हे खरे. पण जीपचे इंजिन ४००० फेऱ्यांचे असेल, तर तिची हवा २.५ × ४००० ÷ २ = ५००० लिटर दर मिनिटाला होते. आपल्या ट्रॅक्टरची २५०० लिटर. म्हणजे लिटर सारखे असूनही हवा दुप्पट! तो टर्बो दुप्पट हवेसाठी बनविलेला आहे. ट्रकच्या १३० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो घेतला तर फरक जवळजवळ तिपटीचा होतो. उलट, सव्वा लिटरच्या आणि ४००० फेऱ्यांच्या लहान मोटारीच्या इंजिनाची हवा आपल्या ट्रॅक्टरइतकीच, म्हणजे २५०० लिटर येते. टर्बो लिटर पाहून नव्हे, तर लिटर आणि फेरे यांचा गुणाकार पाहून निवडावा लागतो, हे यावरून स्पष्ट होईल. अर्थात हा झाला आकाराचा प्राथमिक अंदाज. टर्बाईनच्या घराचे माप, दाब मर्यादित ठेवणारा वेस्टगेट आणि ऑईलची जोडणी हेही जुळावे लागते.

मोठा टर्बो बसविल्यावर नुकसान कसे होते, तो क्रमही समजून घ्यावा. ट्रॅक्टरच्या धुराच्या झोताला मोठा टर्बाईन पुरेसा वेगाने फिरविता येत नाही. त्यामुळे दाब तयार होत नाही आणि हवा वाढत नाही. ताकद वाढली नाही म्हणून फिटर पंपाचे डिझेल वाढवितो. हवा तेवढीच, डिझेल जादा, म्हणून काळा धूर येतो आणि जळण लांबते. सायलेन्सरकडील वायूचे तापमान ७०० अंशांच्या पुढे जाऊ लागते. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. नेहमी पिस्टनची उष्णता रिंगा, लायनर आणि ऑईल यांवाटे निघून जात असते, म्हणून तो टिकतो. ही उष्णता निघेनाशी झाली की पिस्टनचा माथा वितळतो, रिंगा चिकटतात, हेड गॅस्केट जाते. दोष टर्बोला दिला जातो, परंतु खरा दोष न केलेल्या हिशेबाचा असतो.

टर्बो जुळला तरी इंजिन सोसेल काय?

आकार बरोबर निवडला तरी प्रश्न संपत नाही. कारखान्यात टर्बोसाठी बनविलेल्या इंजिनात साधारणपणे पुढील बदल केलेले असतात:

१. वाढलेला दाब सोसणारे पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट आणि बेअरिंग वापरतात, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालून ऑईलचा फवारा मारून त्याला थंड ठेवतात.
२. कॉम्प्रेशन रेशो गरजेनुसार थोडा कमी ठेवतात.
३. रेडिएटर आणि ऑईल पंप मोठे असतात.
४. हवेचा दाब तयार होईपर्यंत डिझेल रोखून धरणारी व्यवस्था पंपावर असते.
५. क्लच, गिअर आणि मागील धुरा वाढीव ताकदीच्या मानाने मजबूत असतात.

टर्बोविना बनविलेल्या जुन्या इंजिनात यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात. ४५ अश्वशक्तीचा भार ३५ अश्वशक्तीच्या क्लच आणि गिअरवर टाकणे म्हणजे थोराड बैलाचे ओझे गोऱ्ह्याच्या मानेवर देणे होय. याशिवाय नोंदणी पुस्तिकेतील तपशील आणि उत्पादकाने ठरविलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. उत्पादकाची हमीही अशा बदलाने जाऊ शकते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. ५० अश्वशक्तीवरील नवीन ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. अशा इंजिनांत डिझेल आणि हवा यांचे नियंत्रण बहुधा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते, त्यामुळे बाहेरून फेरफार मुळीच करू नये.

म्हणून आमची शिफारस स्पष्ट आहे. जुन्या, टर्बो नसलेल्या ट्रॅक्टरला वापरलेला टर्बो बसवू नये. खरोखरच अधिक अश्वशक्तीची गरज असेल तर कारखान्यातून टर्बोसह आलेला ट्रॅक्टर घ्यावा किंवा तेवढे काम भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घ्यावे. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरचा टर्बो खराब झाल्यास बदली टर्बो त्याच मॉडेलच्या क्रमांकाचा असल्याची खात्री करावी. दुसरा कोणी "हाही चालेल" म्हणाला, तर वरील दोन बिंदू त्याच्या आलेखावर दाखविण्यास सांगावे.

आधी असलेली हवा तरी पुरी मिळते का ते पाहा

ट्रॅक्टर ओढत नाही अशी तक्रार असेल तर पहिली नजर एअर क्लिनरवर टाकावी. कोरडा फिल्टर धुळीने भरला आणि त्याचा अडथळा पाण्याच्या ६२५ मि.मी. स्तंभाएवढा झाला, तर बाहेरच्या दाबापैकी सहा ते सात टक्के दाब तेथेच खर्च होतो. साडेछत्तीस अश्वशक्तीपैकी दोन-अडीच अश्वशक्ती हवेअभावी जाते, डिझेल मात्र तेवढेच लागते.

हा अडथळा घरी मोजता येतो. गवंडी लेव्हलसाठी वापरतात तशी पारदर्शक नळी सुमारे तीन मीटर घ्यावी. ती इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकारात फळीवर बांधून निम्मी पाण्याने भरावी. नळीच्या दोन्ही बाजू किमान एक मीटर उंच ठेवाव्यात, म्हणजे पाणी इंजिनात ओढले जाणार नाही. एअर क्लिनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये इंडिकेटरसाठी छिद्र असते, त्याला एक टोक घट्ट जोडावे. दुसरे टोक मोकळे ठेवावे. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक मोजावा. फरक माहितीपुस्तकातील मर्यादेपेक्षा अधिक असल्यास फिल्टर बदलावा. डिझेल इंजिनात हवा रोखणारी झडप साधारणपणे नसल्यामुळे ही चाचणी भाराविनाही उपयोगी पडते.

पुढील बाबींचीही तपासणी करावी:

• ऑईल बाथ प्रकारच्या क्लिनरमधील ऑईलची पातळी व गाळ धुळीच्या कामात दर ८ ते १० तासांनी पाहावा.
• होज पाईप चिरलेला किंवा क्लॅम्प सैल नसावा. तेथून फिल्टर न झालेली धूळ थेट लायनरमध्ये जाते.
• टॅपेटचे अंतर आणि नोझलचा दाब वेळेवर तपासून घ्यावा.
• सायलेन्सरमध्ये काजळी साचली असल्यास साफ करावी.

जमिनीच्या बाजूनेही हिशेब करा

जादा अश्वशक्तीची मागणी इंजिनाकडून नव्हे, तर अवजाराकडून येते. पलटी नांगराची खोली २० वरून २५ से.मी. केली, तर कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद एकचतुर्थांशाने वाढतो आणि ओढही निदान तेवढीच वाढते. वरील उदाहरणात टर्बोने मिळणारी आठ अश्वशक्ती ही पाच सेंटिमीटर खोली जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. म्हणून पिकाला खरोखर किती खोल नांगरट लागते याचा विचार आधी करावा. दरवर्षी सगळ्याच क्षेत्रावर खोल नांगरट करण्याची गरज नसते.

भारी काळ्या जमिनीत वापसा असताना नांगरट केल्यास ओढ कमी लागते. वाळून दगडासारख्या झालेल्या जमिनीत तेच काम दुप्पट जड जाते. नांगराचे फाळ आणि रोटाव्हेटरची पाती झिजलेली असल्यास ताकद वाया जाते. चाके घसरत असतील तर इंजिनात कितीही ताकद असली तरी ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी टायरची हवा आणि चाकांवरील वजन तपासावे. एवढे करूनही फेरे उतरत असतील तर एक गिअर कमी करावा. काम थोडे सावकाश होईल, परंतु इंजिन सुरक्षित राहील.

टर्बो असलेला ट्रॅक्टर वापरताना घ्यावयाची काळजी

१. ट्रॅक्टर सुरू केल्यावर लगेच रेस करू नये. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑईल पोहोचू द्यावे.
२. जड काम संपल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. दोन ते तीन मिनिटे मंद फेऱ्यांवर चालू ठेवावे. अन्यथा तापलेल्या बेअरिंगमधील ऑईल जळून कोळसा होतो.
३. ऑईल शिफारस केलेल्या प्रतीचेच वापरावे आणि ऑईल व फिल्टर ठरलेल्या तासांना बदलावेत.
४. शिट्टीसारखा नवा आवाज, निळसर धूर किंवा होजमध्ये ऑईल दिसल्यास काम थांबवून तपासणी करून घ्यावी.
५. फिल्टरशिवाय ट्रॅक्टर क्षणभरही चालवू नये. लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्याला वाळूचा बारीक कणही पुरतो.

थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे हवा पाहून डिझेल वाढवावे. आपल्या ट्रॅक्टरचे लिटर आणि फेरे माहितीपुस्तकातून काढून वरील पाच पायऱ्यांचा हिशेब एकदा वहीत करून ठेवावा. पुढच्या वेळी कोणी टर्बोची गोष्ट काढील, तेव्हा ती वही उघडावी आणि पहिला प्रश्न विचारावा: या टर्बोची हवा मिनिटाला किती किलो? उत्तर मिळाले नाही तर व्यवहार करू नये.